झोप लागली का, हा प्रश्नच चुकीचा होता



आजचं वाचन ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातलं. गीतेत ज्ञानाची लक्षणं सांगताना एक लक्षण असं येतं की जन्म, मृत्यू, म्हातारपण आणि आजारपण यांतलं दुःख माणसाने कायम नजरेसमोर ठेवावं. माउली या ठिकाणी बराच वेळ थांबतात. अंगात ताकद आहे, डोळ्यांना दिसतंय, कानांना ऐकू येतंय, अशा वेळीच ज्याला आपलं पुढचं थकलेलं शरीर दिसतं, तो शहाणा. कॉलेजात असताना मी हा भाग भराभर वाचून पुढे जायचो. वीस-बावीसच्या वयात म्हातारपणावर कोण मनन करतं?

आता करतो, कारण म्हातारपण आमच्याच हॉलमध्ये पलंगावर झोपलेलं आहे. माझी आजी, वय ८४.

गेल्या आषाढात ती बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि आठव्या दिवशी घरी आली. मला आठवड्यातले तीन दिवस घरून काम, म्हणून सकाळची पाळी माझी. मी उठलो की तिच्याजवळ जाऊन विचारायचो, आजी, झोप लागली का? ती म्हणायची, हो रे बाळा. जेवलीस? हो. दुखतंय का? नाही रे. की मी लगेच घरच्या ग्रुपवर टाकायचो, आजी एकदम ठीक, आणि खाली दोन हात जोडलेले. मग तिच्या उशाशी बसून हरिपाठ म्हणायचो. सेवा चालली आहे याचं समाधान होतं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता.

अकराव्या रात्री आजीने मला तिच्या कधीच गेलेल्या भावाच्या नावाने हाक मारली आणि गोठ्यात गाई बांधल्यास का म्हणून विचारलं. आम्ही म्हटलं, वय झालं, असंच होणार. सकाळी डॉक्टर घरी आले. त्यांनी काल दिवसभरात पाणी किती पोटात गेलं ते विचारलं. लघवी किती वेळा झाली, रंग कसा होता? कंबरेखालची कातडी शेवटची कुणी आणि कधी बघितली? आई, बाबा, मी आणि दिवसपाळीच्या मावशी, चौघं उभे होतो. एकालाही उत्तर देता आलं नाही. शरीरातलं पाणी कमी झालं होतं, लघवीचा संसर्ग होता, त्यामुळे तिला भ्रम झाला होता. आणि माकडहाडावर एक लाल चट्टा होता, बोटाने दाबला तरी लाली न जाणारा. म्हणजे शय्याव्रणाची सुरुवात.

औषधाने आजी चार दिवसांत माणसांत आली. तेव्हा तिने सांगितलं की रात्री भांडं द्यायला कुणाला उठवायचं म्हणून ती संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हती. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तिने उत्तर दिलं होतं. पण माझे प्रश्नच असे होते की त्यांना हो किंवा नाही म्हटलं की मी खूश होऊन निघून जायचो, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या आठवड्यात नर्स असलेल्या एका मैत्रिणीने मला फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं पुस्तक वाचायला सांगितलं, ‘नोट्स ऑन नर्सिंग’. मला वाटलं, शाळेच्या पुस्तकातली हातात दिवा घेतलेली बाई, तिच्याकडून आता काय शिकायचं? पण वाचत गेलो आणि आमच्याच हॉलचं वर्णन वाचतोय असं वाटलं. म्हणून आज ओवीचा अर्थ न उलगडता या बाईची गोष्ट सांगतो. अध्याय तोच आहे असं समजा.

तिचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात, म्हणून नावही तेच. (१२ मे हा आज जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात तो यामुळेच.) घर इंग्रज आणि गडगंज. एक घर डर्बीशायरमध्ये, दुसरं हॅम्पशायरमध्ये, वडील हौसेने मुलींना ग्रीक, लॅटिन, इतिहास स्वतः शिकवणारे. फ्लॉरेन्सला गणिताचं विलक्षण वेड. ७ फेब्रुवारी १८३७ या दिवशी, सोळाव्या वर्षी, देवाने आपल्याला त्याच्या सेवेसाठी बोलावलं असा तिला स्पष्ट अनुभव आला आणि तिने तो लिहून ठेवला. गंमत म्हणजे सेवा नक्की कोणती, हे त्या बोलावण्यात नव्हतं. ते कळायला तिची पुढची कितीतरी वर्षं गेली. आपल्यातल्या पुष्कळ जणांना अनुग्रह मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी सगळं स्वच्छ दिसायला हवं असतं. तिला दिसलं नव्हतं.

दिसलं ते हळूहळू, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं की ते म्हाताऱ्या माणसांच्या खाटेपाशी दिसलं. १८४५ मध्ये तिची आजी, वडिलांची आई, गंभीर आजारी पडली. फ्लॉरेन्स तिच्यापाशी राहिली आणि आजी बरी झाली. त्यानंतर घरातली जुनी दाई आजारी पडली. तिच्या शेवटच्या वेळी फ्लॉरेन्स जवळ होती. त्याच वर्षाअखेरीस तिने घरी सांगितलं की मला इस्पितळात राहून शुश्रूषा शिकायची आहे.

घरात भूकंप झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये इस्पितळातली परिचारिका म्हणजे दारुडी, अडाणी, बदनाम बाई अशीच समजूत. चांगल्या घरच्या मुलीने तिकडे जायचं म्हणजे घराण्याला काळिमा. सगळ्यात जास्त विरोध आईचा, फॅनी नाइटिंगेलचा. रडणं, अबोला, सगळं झालं. फ्लॉरेन्स आणखी सहा वर्षं त्या श्रीमंत घरात अडकून राहिली. पहाटे उठून, कुणाला न कळता, इस्पितळांचे सरकारी अहवाल वाचायची आणि आकडे वहीत उतरवायची. चांगलं स्थळ आलं होतं, तेही नाकारलं. अखेर १८५१ मध्ये जर्मनीतल्या कैसरवेर्थ इथे, एका पाद्रीने चालवलेल्या सेविकांच्या संस्थेत, तीन महिने राहून ती शिकली. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवर आजारी स्त्रियांसाठीचं एक छोटं रुग्णालय तिच्या हाती आलं. तिने पहिल्यांदा काय मागितलं? गरम पाणी वरच्या मजल्यांपर्यंत नळाने यावं, जेवण वर आणायला लिफ्ट असावी, आणि रुग्णाने घंटा वाजवली की कोणत्या खोलीतली वाजली हे सेविकेला बघता यावं. भक्तिभावाबद्दल एक शब्द नाही, नुसत्या घंटा. मला हे वाचून हसू आलं आणि मग आठवलं, आमच्या आजीच्या हाताशी घंटा नव्हती. असती तर ती पाणी प्यायली असती.

पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. क्रिमियाचं युद्ध, ३८ बायकांची तुकडी, ४ नोव्हेंबर १८५४ ला स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात आगमन (ही जागा आज इस्तंबूल शहरात आहे). घाण, उवा, उंदीर, चादरी नाहीत, पट्ट्या नाहीत. तिने स्वयंपाकघर लावलं, धोबीखाना उभा केला, सैनिकांची पत्रं लिहिली, रात्री कंदील घेऊन मैलोगणती खाटांमधून फिरली. तो दिवाही चित्रांत दाखवतात तसा नव्हता, साधा घडीचा तुर्की कंदील होता.

पण चित्रात न येणारा भाग पुढे आहे. त्या पहिल्या हिवाळ्यात ती अहोरात्र राबत असताना तिच्या इस्पितळात माणसं ढिगाने मरत राहिली, आणि जखमांपेक्षा कितीतरी जास्त ती हगवण, ज्वर, पटकी अशा आजारांनी. मार्च १८५५ मध्ये सरकारने पाठवलेली आरोग्य समिती आली. इमारतीखालची तुंबलेली गटारं उपसली गेली, पाणी आणि हवा सुधारली, आणि मग मृत्यू झपाट्याने उतरले. १८५६ मध्ये युद्ध संपल्यावर ती मिस स्मिथ अशा खोट्या नावाने, सत्कार चुकवत, गुपचूप घरी आली. विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसून तिने सगळे आकडे मांडले, आणि टाळता येण्याजोगे मृत्यू किती होते ते स्वतःच्याच इस्पितळासकट उघड करून सांगितलं. ती तिची प्रसिद्ध गोल आकृती, पाकळ्यांसारखी, महिन्यागणिक मृत्यू दाखवणारी, ती याच कामातली.

वर दिवा फिरत होता आणि खाली गटार तुंबलेलं होतं. मी हरिपाठ म्हणत होतो आणि आजीच्या पोटात पाणी नव्हतं. तुलना मोठी आहे, माफ करा, पण ती डोक्यातून जात नाही.

यानंतर तीन वर्षांनी, १८५९ च्या अखेरीस, ते पुस्तक आलं. परिचारिकांचं पाठ्यपुस्तक म्हणून नाही, तर घरात कधी ना कधी कुणाची तरी काळजी घ्यावी लागणाऱ्या साध्या बायकांसाठी तिने ते लिहिलं. आज ते बायकांसाठी आणि माझ्यासारख्या नातवांसाठीही आहे असं समजायला हरकत नाही. त्यात हवा आहे, उजेड आहे, आवाज आहे, अंथरूण आहे, पण मला सगळ्यात लागलं ते रुग्णाचं निरीक्षण कसं करावं हे प्रकरण.

ती सांगते की झोप चांगली लागली का, असं विचारू नका. या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं, आणि चांगली म्हणजे काय हे प्रत्येकाचं वेगळं. किती तास झोप झाली आणि कोणत्या वेळेला, ते विचारा. रात्री पहिल्यांदा जाग कधी आली, नंतर परत डोळा लागला का, ते विचारा. दहा तास झोपण्याची सवय असलेला माणूस पाच तास झोपला तर रात्रभर जागलो म्हणेल, आणि खरंच जागलेला माणूस तुम्हाला बरं वाटावं म्हणून छान झोपलो म्हणेल.

जेवणाचंही तसंच. रुग्ण जेवत नाही, एवढं म्हणून ती सोडत नाही. न जेवण्याची चार कारणं असू शकतात असं ती दाखवते. स्वयंपाक बिघडलेला असेल, पदार्थच चुकीचा निवडला असेल, वेळ चुकीची असेल, किंवा भूकच नसेल. चारांवर चार वेगळे उपाय, पण आपण चारांनाही खात नाही हे एकच नाव देतो. आजीच्या बाबतीत आमचं कारण तिसरं निघालं. ऑफिसच्या सोयीने आम्ही तिला साडेबाराला ताट द्यायचो, आणि तिला आयुष्यभर दहाला पोटभर जेवायची सवय. आता दहाला मऊ भात आणि मुगाचं वरण देतो, ताट साफ होतं. न खाल्लेलं ताट उशाशी तसंच ठेवून देऊ नये, हेही त्याच पुस्तकात वाचलं. आम्ही अगदी तेच करायचो, मनात आलं तर खाईल म्हणून.

शय्याव्रणाबद्दल ती फार कडक आहे. अंथरुणाला खिळल्यावर फोड आला तर तो दोष बहुधा आजाराचा नसतो, काळजी घेणाऱ्याचा असतो, असं तिचं म्हणणं. हे वाचल्यावर मी पुस्तक बंद करून थोडा वेळ गॅलरीत उभा राहिलो. आज डॉक्टर सांगतील की काही फार थकलेल्या रुग्णांना सगळं करूनही व्रण होतात, आणि तेही खरं आहे. पण आमच्या घरात तसं नव्हतं. आमच्या घरात कुणी बघितलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट, जी आपण सगळेच करतो. दाराबाहेर कुजबुजत बोलणं. रुग्णाला अर्धवट ऐकू येतं आणि तो उरलेलं मनाने भरतो, त्यापेक्षा त्याच्यासमोर स्पष्ट बोला. आणि बसताना त्याच्या नजरेसमोर बसा, बोलायला त्याला मान वळवावी लागू नये. मी उशाशी बसून हरिपाठ म्हणायचो, म्हणजे आजीला माझा फक्त आवाज यायचा. आता पायाकडे खुर्ची ठेवली आहे. ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणते आणि मी चुकलो की लगेच पकडते.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात तिच्या नावाने शुश्रूषेची शाळा सुरू झाली. तिथून शिकून बाहेर पडलेल्या बायकांपैकी अ‍ॅग्नेस जोन्स १८६५ मध्ये लिव्हरपूलच्या अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रमातल्या रुग्णालयात गेली. तोवर तिथल्या थकलेल्या, निराधार रुग्णांची काळजी त्याच आश्रमातले दुसरे गरीब घ्यायचे, जशी जमेल तशी. गरीब रुग्णालाही शिकलेल्या हातांची शुश्रूषा मिळाली पाहिजे, हा फ्लॉरेन्सचा हट्ट होता. अ‍ॅग्नेस तीन वर्षांत तिथेच ज्वराने गेली.

हे सगळं फ्लॉरेन्सने अंथरुणावरून केलं, हे मला माहीतच नव्हतं. क्रिमियात जडलेल्या तापाने ती १८५७ पासून खचली होती. कितीतरी वर्षं लंडनमधल्या खोलीतून क्वचितच बाहेर पडायची. हिंदुस्थानात ती कधी आली नाही, पण इथल्या लष्कराच्या आरोग्यावरच्या १८६३ च्या अहवालात तिचं प्रचंड काम आहे, आणि पुढे आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, तिथे येतो. १८७४ च्या जानेवारीत वडील गेले. घर वारसाहक्काने दुसऱ्या नातेवाइकांकडे गेलं. आई उरली, ऐंशी उलटलेली, दृष्टी गेलेली, स्मरण विरत चाललेलं. तीच आई, जिने परिचारिका होण्याच्या नुसत्या कल्पनेला वर्षानुवर्षं विरोध केला होता. आता तिला सांभाळायची पाळी जिच्यावर आली, ती होती फ्लॉरेन्स, स्वतः आजारी, वय पन्नाशीच्या पुढे, हातात अर्धवट राहिलेली कामं. पुढच्या वर्षांतले कितीतरी महिने तिने आईपाशी काढले, बऱ्याचदा डर्बीशायरच्या जुन्या घरी.

तिने हे हसतमुखाने केलं असं मला लिहायचं होतं. तसं लिहिलं तर खोटं होईल. त्या काळातल्या तिच्या कागदांत वैताग स्पष्ट दिसतो. घराच्या किरकिरी, नोकरांचे प्रश्न, आपलं काम बुडतंय याचा संताप. त्याच सुमाराला ती मध्ययुगातल्या ख्रिस्ती संतांचं लेखन वाचून त्यातले उतारे भाषांतरित करत होती, एक पुस्तक करायच्या विचाराने. ते तिच्या हयातीत झालंच नाही. म्हणजे बघा, टेबलावर संतवाणी आणि शेजारच्या खोलीत विसरभोळी आई, आणि मधल्या दारात वैतागलेली बाई. पण ती गेली नाही. आईकडे येत राहिली. फॅनी १८८० च्या फेब्रुवारीत, नव्वदी ओलांडून, गेली.

मलाही आजीचा राग येतो. हे मी या ब्लॉगवर पहिल्यांदाच लिहितोय. तिसऱ्यांदा तेच विचारलं की आवाज चढतो. मीटिंग चालू असताना हाक आली की कपाळावर आठी येते, आणि तिला ती अंधुक डोळ्यांनीही दिसते. इतके दिवस मला वाटायचं की राग आला म्हणजे सेवा बाद झाली, नाम फुकट गेलं. आता राग आला तरी आधी पाण्याचा पेला भरून देतो, मग गॅलरीत जाऊन माझं काय ते बघतो.

फ्लॉरेन्स स्वतःही शेवटी तीच झाली, खाटेवरची. १९०१ च्या सुमारास दृष्टी गेली. दुसऱ्यांकडून वर्तमानपत्र वाचून घ्यायची, मग स्मरणही विरलं. १९०७ मध्ये राजाने ऑर्डर ऑफ मेरिट दिला, हा सन्मान मिळालेली ती पहिली स्त्री. तो घरी आणून द्यावा लागला, आणि काय चाललंय हे तिला धड कळत नव्हतं. १३ ऑगस्ट १९१० ला, नव्वदाव्या वर्षी, ती गेली. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन करायचा मान घरच्यांनी नाकारला. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो या गावच्या चर्चच्या आवारात आईवडिलांशेजारी ती आहे, आणि दगडावर तिच्या नावाची फक्त दोन अक्षरं आणि जन्म-मृत्यूच्या तारखा कोरल्या आहेत.

आमच्याकडे आता आजीच्या पलंगाशेजारी भिंतीवर कॅलेंडर आहे आणि त्यावर पेन दोरीने बांधलेलं. पाण्याच्या प्रत्येक पेल्याला एक रेघ, भांडं दिलं की एक टिंब. रात्री दोरीला बांधलेली देवघरातली छोटी घंटा तिच्या हाताशी. देवाला घंटा नको का, असं आईने विचारलं होतं, पण मग तिनेच ती काढून दिली.

आज सकाळी विचारलं, आजी, रात्री पहिली जाग कधी आली? म्हणाली, दोनचे टोले ऐकले. मग? मग चारपर्यंत नाही लागली. का गं? थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, टाच ठणकते रे, उजवी. पांघरूण बाजूला करून बघितलं तर टाच लालसर होती. फोड नव्हता. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितल्याप्रमाणे पोटरीखाली उशी दिली आहे, टाच गादीला न टेकता अधांतरी राहील अशी.

साडेनऊ वाजले. तिची कूस बदलायची वेळ झाली. उद्या याच ओवीपासून पुढे वाचू.

राम कृष्ण हरी.